अमेरिकेतला रेसिझम ओळखायचा कसा आणि ओळखला की करायचं काय

मी न्यू जर्सीत राहते, चौदा वर्षं झाली, आणि दर दोन-चार महिन्यांनी नवीन आलेलं कोणीतरी, कधी भाचा, कधी मैत्रिणीची नणंद, फोन करून एकच गोष्ट विचारतं, "ताई, असं असं झालं, हा रेसिझम होता का गं, की मलाच उगाच वाटतंय?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं.

आधी हे लक्षात घ्या, समोरच्याच्या मनात काय होतं ते शोधत बसू नका. सगळे तिथेच अडकतात. "तो तसा माणूस नाहीये", "अगं त्याचे कितीतरी ब्लॅक मित्र आहेत", "गमतीत म्हणाला असेल". मन कोणाला दिसलंय? दिसतं ते एवढंच की घर कोणाला नाकारलं, कोणाचा रेझ्युमे बाजूला पडला, रस्त्यात गाडी कोणाची थांबवली, मत देणं कोणाला अवघड करून ठेवलं. तेवढं धरून चाला, निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

डोनाल्ड स्टर्लिंगचंच घ्या ना. लॉस एंजेलिस क्लिपर्स ही बास्केटबॉल टीम त्याची होती. २०१४ मध्ये त्याचं एक खाजगी रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्यात तो मैत्रिणीला सांगतोय की ब्लॅक लोकांना माझ्या मॅचला आणत जाऊ नकोस. चार दिवसांत एनबीएने, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगने, त्याच्यावर आयुष्यभराची बंदी घातली, २५ लाख डॉलर दंड लावला, जगभर बातमी झाली. पण हा माणूस मुळात बिल्डिंगवाला, लॉस एंजेलिसमध्ये हजारो अपार्टमेंट भाड्याने देणारा, आणि ब्लॅक आणि लॅटिनो लोकांना भाड्याने घर देताना भेदभाव करतो म्हणून सरकारने त्याच्यावर केस केली होती, ती त्याने २००९ मध्ये, चूक कबूल न करता, २७ लाख डॉलरच्या वर पैसे भरून मिटवली होती. तेव्हा टीम त्याच्याकडेच राहिली. किती कुटुंबांना घर मिळालं नाही त्यावर सामसूम, आणि फोनवरच्या चार वाक्यांवर देशभर गदारोळ. मला याचा अजूनही राग येतो.

म्हणून सेलिब्रिटीचं प्रकरण गाजायला लागलं की माफीचा व्हिडिओ बघून हा खरंच रडतोय का याची चर्चा करू नका, त्यात काही हाती लागत नाही. तो माणूस किंवा ती कंपनी आधी काय करत होती आणि नंतर काय बदललं ते शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. ऑस्करचं बघा, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नॉमिनेशन्स गोऱ्या लोकांना. त्यावर ओरड झाली तेव्हा ॲकॅडमीने नुसतं पत्रक काढून भागवलं नाही, मेंबर कोण होतं ती यादीच वाढवायला घेतली, म्हणजे निदान हात योग्य जागी घातला. व्हर्जिनियाचा तेव्हाचा गव्हर्नर राल्फ नॉर्थम, २०१९ मध्ये त्याच्या कॉलेजच्या इयरबुकातला घाणेरडा फोटो निघाला, एक जण ब्लॅक लोकांची टिंगल म्हणून तोंडाला काळं फासलेला आणि दुसरा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या वेषात. आधी माफी मागितली, मग म्हणाला फोटोत मी नाहीच, एकूण सगळं वाईटच होतं. राजीनामा काही दिला नाही. पण त्याच्याच काळात २०२१ मध्ये व्हर्जिनियाने फाशीची शिक्षा रद्द केली, आणि त्या राज्यात फाशीचा इतिहास म्हणजे मुख्यतः ब्लॅक माणसांचाच इतिहास आहे. याने त्याचा फोटो पुसला जात नाही, पण हिशोब मांडायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

आता राजकारण. इथे कोणी सहसा उघड शिवी देत नाही, इथे शब्द बदलून येतात. त्याला डॉग व्हिसल म्हणतात, म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू जाणारी शिट्टी. ओळखायला एकच प्रश्न पुरतो, तो मनातल्या मनात विचारायची सवय लावून घ्या: "म्हणजे नक्की कोण?" निक्सन १९६८ ला 'लॉ अँड ऑर्डर' म्हणत होता. म्हणजे नक्की कोण? रेगन १९७६ च्या प्रचारात सरकारी मदत लुबाडणाऱ्या बाईची गोष्ट गावोगाव सांगायचा, तीच पुढे 'वेल्फेअर क्वीन'. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण येत होतं? ओबामाचं बर्थ सर्टिफिकेट मागत फिरणारे तर आपल्याला सगळ्यांना आठवतात, २०११ मध्ये त्याने पूर्ण सर्टिफिकेट दाखवलं तरी थांबले नाहीत, कारण प्रश्न कागदाचा नव्हताच. २०२४ च्या डिबेटमध्ये ट्रम्प म्हणाला की स्प्रिंगफील्ड, ओहायोमध्ये बाहेरून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातायत. तिथल्या अधिकाऱ्यांनी पुरावा नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात त्या गावातल्या शाळा बॉम्बच्या धमक्यांमुळे रिकाम्या कराव्या लागल्या. स्टेजवरच्या एका वाक्याने तिथे राहायला आलेल्या हैतीच्या लोकांची मुलं शाळेतून घरी.

आणि हे एकाच पार्टीचं दुखणं आहे असं समजू नका हं. २००६ मध्ये बायडन म्हणाला होता की भारतीय ॲक्सेंट असल्याशिवाय सेव्हन-इलेव्हन किंवा डंकिन डोनट्सच्या दुकानात जाताच येत नाही. त्याच वर्षी रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलनने एका भारतीय वंशाच्या मुलाला, जो तिथे कॅमेरा घेऊन उभा होता, भर सभेत 'मकाका' (माकड अशा अर्थाची शिवी) म्हटलं आणि वर 'वेलकम टू अमेरिका' केलं, मुलगा जन्मलेला व्हर्जिनियातलाच. ॲलन ती निवडणूक थोडक्यात हरला.

भाषणापेक्षा कायद्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. कायद्यात रंगाचा शब्दही नसतो आणि तरी रंग बघूनच मारतो. १९८६ चा ड्रग्जचा कायदा, ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे कोकेनचाच एक प्रकार, सापडलं की कमीत कमी पाच वर्षं, आणि तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागायचं. पदार्थ एकच. क्रॅकच्या केसमध्ये आत गेलेले बहुतेक सगळे ब्लॅक. २४ वर्षं लागली ते प्रमाण १०० वरून १८ वर आणायला, पूर्ण समान तेव्हाही केलं नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये मतदानाचे नियम बदलले, त्याआधी कोणत्या वंशाचे लोक कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी मागवून घेतली आणि ब्लॅक लोक वापरतात नेमक्या त्याच सोयी कापल्या. २०१६ मध्ये कोर्टाने तो कायदा रद्द केला आणि सर्जनने सुरी चालवावी इतक्या नेमकेपणाने हे केलंय असं लिहिलं. तेव्हा बातमी वाचताना एवढं बघा, नियम सगळ्यांना सारखा लिहिलाय पण पडतोय कोणावर.

आता तुमच्या-माझ्या रोजच्याकडे येऊ, कारण फोन त्यासाठीच येतात.

घर. मी आले त्या वर्षी एका ठिकाणी फोनवर सांगितलं फ्लॅट रिकामा आहे, या, आणि आम्ही दारात उभे राहिल्यावर सांगितलं आत्ताच गेला. जाहिरात पुढचे दोन आठवडे तशीच होती. मी एक स्क्रीनशॉटसुद्धा घेतला नाही, नुसती रडले आणि दुसरं घर शोधलं. तुम्ही असं करू नका. जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, आणि त्याच दिवशी अमेरिकन वाटणाऱ्या नावाच्या एखाद्या ओळखीच्याला तिथेच फोन करायला सांगा. त्याला "हो, रिकामा आहे" म्हणाले तर तुमच्या हातात पुरावा आला. ही काही चलाखी नाही, फेअर हाउसिंगवाल्या संस्था अशीच तपासणी करतात आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा तपासणाऱ्यांना केस करायचा हक्कसुद्धा मान्य केलाय. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टखाली हडकडे (HUD, केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं) तक्रार करायला एक वर्ष मिळतं, कोर्टात जायला दोन.

घर विकत घेताना मात्र आपलीच परीक्षा असते. "एरिया कसा आहे, लोकं कशी आहेत" असं आपण एजंटला सहज विचारतो, आणि वंश बघून एजंटने तुम्हाला एका भागाकडे ढकलणं किंवा दुसऱ्यापासून लांब ठेवणं हे बेकायदेशीर आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्लॅक वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, तिथे कर्ज मिळेना, घराला किंमत येईना, आणि शाळेचा बराचसा पैसा घरपट्टीतून येत असल्यामुळे शाळाही मागे पडल्या. आपण 'चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणून जो आकडा बघतो त्यात तो लाल रंग अजून आहे. शाळा बघू नका असं मी म्हणत नाहीये, मीही बघितली. पण 'सेफ एरिया' म्हणताना "म्हणजे नक्की कोण?" हा प्रश्न स्वतःलाही विचारा.

नोकरीचं जरा सविस्तर सांगते. बॉस्टन आणि शिकागोत एक प्रसिद्ध प्रयोग झाला, २००४ मध्ये छापून आला, सारखेच रेझ्युमे पाठवले, फक्त काहींवर एमिली-ग्रेगसारखी नावं आणि काहींवर लकीशा-जमालसारखी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त फोन आले. म्हणजे "मी अजून मेहनत करायला हवी होती" असं स्वतःला कोसायच्या आधी हे आठवा. ऑफिसात काही झालं तर त्याच रात्री लिहून ठेवा, तारीख, वेळ, कोण कोण होतं, आणि शब्द जसेच्या तसे. "तो उद्धटपणे बोलला" असं लिहू नका, तो काय म्हणाला ते लिहा. ही वही ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, कारण नोकरी गेली की लॅपटॉपही जातो. तुमच्याच कामाच्या दुसऱ्या माणसाला काय मिळालं, प्रमोशन, शिफ्ट, प्रोजेक्ट, तेही टिपा, कारण तुलना झाली की बोलणं आपोआप ठोस होतं. एचआरला तोंडी सांगितलंत तरी त्याच दिवशी ईमेल करा, "आज आपण अमुक विषयावर बोललो, वंशावरून भेदभाव होतोय अशी माझी तक्रार आहे". 'वंश' किंवा 'राष्ट्रीय मूळ' हे शब्द त्यात यायलाच हवेत, नुसतं 'वागणूक बरोबर नाही' लिहिलंत तर कायद्याचं संरक्षण अडकू शकतं. तक्रार केली म्हणून त्रास देणं हे कायद्याचं वेगळं उल्लंघन धरलं जातं, आणि बऱ्याचदा तेच सिद्ध करायला सोपं जातं.

ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, जायचं तर मुदत १८० दिवसांची, बहुतेक राज्यांत ३००. शनिवार-रविवार धरून. आणि एचआरची चौकशी चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही, इथे खूप लोक फसतात, एचआर सहा महिने गोड बोलतं आणि तारीख निघून जाते. ऑनलाइन पोर्टलवर आधी इन्क्वायरी भरतात, पण इन्क्वायरी म्हणजे तक्रार नाही, चार्जवर सही केलीत की मगच ती दाखल होते. कंपनीत पंधरा किंवा जास्त माणसं असतील तर हे लागू, छोट्या कंपनीसाठी राज्याचा कायदा बघा. एच-वन-बीवर असाल तर भीती वाटणारच, नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस, मला माहीत आहे. म्हणून आधी वकिलाशी बोला, नंतर ईमेल. व्हिसा आहे म्हणून हक्क कमी होत नाहीत.

रस्त्यात कोणी अंगावर ओरडलं तर वाद घालू नका, तिथून निघा, ९११, आणि पोलिसांच्या रिपोर्टमध्ये तो जे बोलला ते शब्द लिहून घ्यायला लावा, रिपोर्ट नंबर मागा. दुसऱ्या कोणाला त्रास होत असेल तर त्रास देणाऱ्याशी भांडू नका, ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन बसा, काहीही साधं बोलायला लागा. व्हिडिओ काढलात तर तो त्या माणसाला द्या, त्याला न विचारता फेसबुकवर टाकू नका.

आणि आपल्यातले काही जण अजून म्हणतात हा गोऱ्या-काळ्यांचा मामला आहे, आपण मधे कशाला पडा. १९२३ मध्ये पंजाबहून आलेला भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात हेच सांगायला गेला होता की मी उच्च जातीचा आर्य, म्हणजे मी गोराच. कोर्ट नाही म्हणालं, आणि त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या कितीतरी भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं. भारतीयांना परत नागरिक होता आलं ते १९४६ मध्ये, आणि आपली दारं खरी उघडली ती १९६५ च्या कायद्याने, जो सिव्हिल राइट्सच्या चळवळीशिवाय आला नसता. इथून जवळच जर्सी सिटीत १९८७ मध्ये 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती, डॉट म्हणजे आपली टिकली, त्या काळात त्या भागात भारतीयांवर हल्ले झाले, एकाचा जीवही गेला. जोतिरावांनी तर १८७३ मध्येच गुलामगिरी लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्यांना नातं दिसलं होतं.

राहिलं आपलं पॉटलक, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं ते जेवण. तिथे कोणीतरी काका 'कल्लू' म्हणतात, सगळे हसतात, मुलं ऐकत असतात. बरीच वर्षं मी गप्प बसले, वडीलधारे आहेत म्हणून, आणि त्याची मला लाज वाटते. आता मी भाषण देत नाही, ताट हातात घेऊन शांतपणे एवढंच विचारते, "काका, कल्लू म्हणजे नक्की कोण?" मोठ्याने उत्तर द्यावं लागलं की गडबडतात, शेजाऱ्याचं नाव घेतात, मग म्हणतात अगं तो तसा चांगलाय. मी म्हणते मग त्याचं नाव घ्या ना. मागच्या वेळी त्यांच्या नातीनेच त्यांना ते नाव सांगितलं, तो तिच्या वर्गातल्या मुलाचा बाबा निघाला.