ग्रामपंचायतीच्या बोर्डावरची नोटीस वाचायची कशी, आणि गावातली पाणी-कचऱ्याची कामं मार्गी लावायची कशी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काचेचा बोर्ड असतो, ज्याची चावी कायम शिपायाकडे आणि शिपाई कायम तालुक्याला. गावात पुढे काय होणार आहे ते बरंचसं त्या बोर्डावर आधीच लावलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. मग डोंगराला क्रशर लागला, ओढ्याला फेस यायला लागला की पारावर बसून "आम्हाला कुणी विचारलंच नाही" सुरू. अहो विचारलेलं असतं, निदान कागदावर तरी, मुदत संपलेली असते एवढंच. म्हणून हे सगळं ओळीने लिहितोय, आणि ही माहिती महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींची आहे, दुसऱ्या राज्यात नियम थोडे वेगळे निघतील.

आधी नोटिसा कुठे लागतात ते बघा

ग्रामपंचायतीचा बोर्ड तर आहेच, शिवाय तलाठ्याची चावडी, शाळा, देवळाची किंवा समाजमंदिराची भिंत. पूर्वी दवंडी द्यायचे, आता बऱ्याच गावात घंटागाडीच्या स्पीकरवरून सांगतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. ग्रुपवर आलेलं सगळंच खरं नसतं हे सांगायला नको, पण ओळखायचं कसं तर साधं आहे, लेटरहेडवर जावक क्रमांक, तारीख, सही-शिक्का हे चारही असेल तर ती नोटीस, नाहीतर तो नुसता फॉरवर्ड. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की" असं टाइप करून खाली कुणाचंच नाव नसेल तर सरळ ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फोन लावा (म्हणजे आपले ग्रामसेवक, २०२४ पासून पदाचं नाव बदललंय, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात).

नोटीस दिसली की फोटो काढा, तारखेसकट. बोर्डावरचा कागद उद्या निघू शकतो, पावसात भिजू शकतो.

दिवस मोजा

साध्या ग्रामसभेची नोटीस किमान ७ दिवस आधी लागायला पाहिजे. फेरफाराच्या (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाच्या) नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण जनसुनावणीला किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झालं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला ऑफिसात गेलात तर साहेब मीटिंगला गेलेले असतात, तेव्हा दोन दिवस आधी जा.

ग्रामसभेची विषयपत्रिका वाचायची कशी

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात, आणि बायकांची महिला ग्रामसभा त्याच्या आधी वेगळी. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते.

विषयपत्रिकेत पहिला विषय ठरलेला, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". हा विषय चालू असताना सगळे चहाची वाट बघत असतात पण खरी मेख इथेच असते, कारण मागच्या सभेत जे झालंच नाही ते इतिवृत्तात लिहिलेलं असेल तर ते इथे कायम होतं. वाचून दाखवा म्हणायचं, आणि मोठ्याने वाचा म्हणायचं.

मधल्या विषयात योजना, घरकुलाच्या याद्या, कर वगैरे. आणि सगळ्यात शेवटी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तोपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात, बायका धारा काढायला गेलेल्या असतात, आणि एखाद्या खाणीचा नाहीतर क्रशरचा ना हरकत दाखला नेमका या ओळीखाली येतो. सगळ्याच गावात असं होतं असं नाही, पण जिथे होतं तिथे याच ओळीत होतं. म्हणून शेवटपर्यंत बसा. "हा विषय नोटिशीत नव्हता, पुढच्या सभेत घ्या" असं उभं राहून म्हणा आणि तुमचं हे म्हणणं इतिवृत्तात लिहायला लावा. ठराव झालाच तर ठराव क्रमांक, सूचक कोण, अनुमोदक कोण हे तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना वरचं पान वाचा. कोऱ्या पानावर, किंवा घरी आणलेल्या रजिस्टरवर सही करायची नाही, मग आणणारा सख्खा पुतण्या का असेना.

आपला विषय सभेत आणायचा तर तो लेखी द्यायचा

सभेत उठून ओरडलं की टाळ्या पडतात, ठराव होत नाही. सभेच्या आधी साध्या कागदावर अर्ज द्या, लांबलचक नको. असा लिहिला तरी चालतो:

"प्रति, मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी. विषय: येत्या ग्रामसभेत विषय घेणेबाबत. खालच्या आळीतील सांडपाणी गटाराअभावी सार्वजनिक विहिरीजवळ साचत आहे. सदर ठिकाणी शोषखड्डे घेणे व विहिरीच्या पाण्याची तपासणी करणे हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती."

खाली पाच-दहा जणांच्या सह्या, त्यात दोन-तीन बायकांच्या जरूर, कारण पाण्याचा त्रास त्यांनाच जास्त. दोन प्रती काढा, एक द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेऊन परत आणायची. ही पोच. "ठेवा टेबलावर, बघतो" म्हणाले की हसत हसत म्हणा, "बघा हो भाऊसाहेब, पण आधी पोच द्या." अगदीच दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. पुढे तक्रार करायची वेळ आली की तीनशे मेसेजपेक्षा ही एक पोच जास्त कामाला येते.

पैसा कुठून येतो ते माहीत पाहिजे

"ग्रामपंचायतीकडे पैसेच नाहीत" हे उत्तर ठरलेलं आहे. म्हणून आधी मोबाइलवर ई-ग्रामस्वराज पोर्टल किंवा मेरी पंचायत ॲप उघडा, तिथे आपल्या गावाचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, पेव्हर ब्लॉक बसवायला नाही.

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये अशी मर्यादा ठेवली. २००० वस्तीच्या गावाचं गणित केलं तर कचऱ्याला १ लाख २० हजार आणि सांडपाण्याला ५ लाख ६० हजार, त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या पैशातून घालायचा. सभेत हा हिशोब घेऊन उभं राहिलं की बोलण्याचा सूर बदलतो, "पैसे नाहीत" वरून गाडी "प्रस्ताव करायला लागेल" वर येते. मग प्रस्ताव कधी पाठवणार त्याची तारीख इतिवृत्तात घ्या.

२ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेलं माझी वसुंधरा अभियान पण आहे, त्यात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच भागात गावाला गुण मिळतात. माझं मत विचाराल तर गुणांच्या मागे लागून फोटोपुरती झाडं लावण्यात अर्थ नाही, ५ जूनला लावलेल्यातली पुढच्या उन्हाळ्यात किती जगली ते विचारा आणि पाणी कोण घालणार त्याचं नाव ठरल्याशिवाय खड्डेच काढू नका.

शोषखड्डा, हा स्वतःच्या दारात आजच करता येतो

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही घालवले, तिथूनच तो "नांदेड पॅटर्न" म्हणून सगळीकडे गेला, काही लोक जादूचा खड्डा म्हणतात. करायचा असा.

४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड टाका. मधोमध सिमेंटची छोटी टाकी बसवा जिला वरच्या अंगाला चार बाजूंनी भोकं असतात, आणि मोरीचा पाइप या टाकीत सोडा. पाणी टाकीत पडतं, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून बाहेर दगडात जाऊन जिरतं. टाकीच्या चारी बाजूला दगड, वर बारीक खडी, त्यावर रिकामी पोती अंथरून माती. टाकीला झाकण मात्र उघडता येईल असं ठेवा कारण गाळ काढावा लागतो, तो काढला नाही तर खड्डा तुंबतो आणि मग लोक म्हणतात योजनाच बोगस.

मोरीच्या तोंडाला जाळी लावा, खरकटं आणि केस आत गेले नाही पाहिजेत. संडासचं पाणी यात सोडायचं नाही. विहीर किंवा बोअर असेल तर तिथून निदान ३५ फूट लांब. आणि काळी चिकट जमीन असेल तर ४ फुटात पाणी जिरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, हे ठेकेदार सांगत नाही.

पिण्याचं पाणी तपासून घ्या

टाकीत टीसीएल (म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकली की नाही हे कळायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट असते. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. ही टेस्ट टाकीपाशी नाही तर लाइनच्या सगळ्यात शेवटच्या घरच्या नळाला करायला लावा. पावडर टाकूनही पिवळं होत नसेल तर गोणी कुठे ठेवलीय ते बघा, ओलीत उघडी पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं, आपल्या गावाचं कोणतं आहे ते जलसुरक्षकाला (गावचं पाणी बघणाऱ्या माणसाला) विचारा. लाल (म्हणजे धोका जास्त) असेल तर पुढच्या सभेला पहिला विषय तोच.

पाणी पुरेल का हेही ग्रामसभेतच ठरवता येतं. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या काळापासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात, ऊस-केळी नाही आणि शेतीला बोअर नाही. आपल्याला सुरुवात करायला पर्जन्यमापक आणि कॅल्क्युलेटर पुरे, एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पडला की ४०० कोटी लिटर झालं, त्यातलं वाहून आणि उडून किती गेलं आणि अडलं किती, इथून चर्चा सुरू करा.

जनसुनावणीची नोटीस आली तर

खाण, साखर कारखान्याची डिस्टिलरी, असं मोठं काही येणार असेल आणि २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी लागत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं. जाहिरात पेपरला येते, एक राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतला. पर्यावरण अहवालाचा मसुदा ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र इथे ठेवावा लागतो, त्याचा मराठी सारांश पण. ग्रामपंचायतीत जाऊन मागा. जाड बाड असतं, सगळं वाचायची गरज नाही. आसपासच्या १० किलोमीटरमधली गावं, विहिरी, ओढे यांचे तक्ते काढा आणि आपलं गाव, आपली विहीर त्यात आहे का बघा. पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले ते बघा. अशा अहवालात कॉपी-पेस्ट सापडल्याचे प्रकार झालेत, तेव्हा नावं नीट तपासा.

सुनावणी म्हणजे मतदान नाही, हे नीट समजून घ्या. पाचशे माणसांनी घोषणा दिल्या तर इतिवृत्तात "ग्रामस्थांनी विरोध दर्शविला" अशी एक ओळ येते आणि विषय संपतो. पण "शाळेसमोरच्या रस्त्यावरून दिवसाला किती डंपर जाणार", "सुरुंग किती वाजता लावणार आणि घरांना तडे गेले तर भरपाई कोण देणार", "उन्हाळ्यात पाणी कुठून घेणार" असे प्रश्न विचारले तर प्रत्येकाची नोंद घ्यावी लागते आणि कंपनीला त्यावर उत्तर द्यावं लागतं. येता येत नसेल तर मंडळाकडे लेखी म्हणणं पाठवा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, कोरम लागत नाही, पूर्ण कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग होतं, आणि शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा मराठीत वाचून दाखवायचा असतो. तो वाचेपर्यंत मंडपातून हलू नका, तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच सांगा.

मंजुरी मिळालीच तरी अटी असतात. मंजुरीपत्र परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर मिळतं, त्याची प्रिंट काढून ग्रामपंचायतीत ठेवा. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. धूळ उडतेय, ओढ्यात पाणी सोडलंय, तर फोटो आणि तारखेसकट तक्रार मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे करताना "अट क्रमांक अमुक मोडली" असं लिहा.

उत्तरच येत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. "भ्रष्टाचार झाला का" असं विचारायचं नाही, कागद मागायचे: अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरी रजिस्टरची प्रत, आमच्या अर्जावर (इथे पोचेचा आवक नंबर टाका) केलेली कार्यवाही, बंधित निधीच्या खर्चाचा तपशील. ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील करायचं, कुणाकडे ते ग्रामपंचायतीतल्या फलकावर लिहिलेलं असायला हवं, फलक नसेल तर पंचायत समितीत विचारा, आणि अपिलाची पण पोच घ्या.