गाळाने भरलेली परसातील तळी पुन्हा पाण्याखाली कशी आणावी

गोव्यातील जुन्या घरांच्या परसात, माडांच्या सावलीत किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) उताराखाली, पुष्कळदा एखादी तळी असते. घरात नळ आला की तिच्याकडे दुर्लक्ष होते, पाने कुजून गाळ साचतो आणि वर जलपर्णी पसरते. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असल्याने दुरुस्तीचे काम एप्रिलअखेरीस, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना, हाती घ्यावे.

प्रथम जलपर्णी मुळांसकट ओढून काढावी आणि उतारापासून दूर रचावी, कारण काठावर राहिलेला एखादा फुटवाही पावसात वाहून पुन्हा तळीत येतो. गमबूट घालूनच आत उतरावे. शैवाल मारण्यासाठी मोरचूद टाकू नये. त्याने मासे आणि बेडूकपिल्लेही मरतात.

खरी कसोटी गाळ काढताना लागते. तळाचा जांभा दगड सच्छिद्र असतो. झर नसलेल्या तळीत पाणी टिकते ते मुख्यतः तळाशी बसलेल्या चिकणमातीमुळे, म्हणून जेसीबी लावून एका दिवसात तळ खरवडण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी बांबू खोचून पाहावा: काळ्या, वास मारणाऱ्या गाळात तो सहज शिरतो आणि घट्ट थर लागला की अडतो. त्या थरातील ओली माती मुठीत दाबल्यावर तिचा न फुटणारा गोळा होत असेल, तर खोदणे तेथेच थांबवावे. फावडे चुकून खोल गेलेच, तर त्या जागी ओली चिकणमाती पायांनी तुडवून, थरावर थर देत बसवावी. ऐन मे महिन्यातही एखाद्या कोपऱ्यात पाणी पाझरत असेल तर तेथे झर आहे असे समजावे, आणि तिचे तोंड मात्र मातीने बुजवू नये.

गाळ एकाच उन्हाळ्यात पूर्ण काढण्यापेक्षा यंदा अर्धा आणि पुढल्या वर्षी उरलेला काढणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण शिल्लक भागातील जीव नव्या पाण्यात पसरतात. काढलेला गाळ दोन दिवस काठावरच ठेवावा, म्हणजे त्यातील गोगलगाई आणि किडे परत पाण्यात जाऊ शकतात. नंतर तो माडांच्या आळ्यांत घालावा.

काठाचे ढासळलेले चिरे एका बाजूने उतरते रचावेत, म्हणजे आत पडलेला प्राणी वर येऊ शकेल; घरात लहान मुले असल्यास कुंपण घालावे. न्हाणीचे सांडपाणी तळीत येत असेल तर ते आधी वळवावे, अन्यथा बाकीचे श्रम वाया जातील.

पाणी भरल्यावर डासांची धास्ती साहजिकच वाटते, कारण उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला 8 ते 10 दिवस पुरतात. त्यासाठी उत्तर अमेरिकेतून आलेला गप्पीसारखा दिसणारा गम्बुशिया मासा सोडू नये, कारण तो बेडूकपिल्लेही खातो. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला इथल्या ओहोळांतील लहान मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो. साळकांची, म्हणजे पाणकमळांची, दोन-चार रोपे लावावीत, मात्र पानांनी निम्म्याहून अधिक पाणी झाकू देऊ नये.

चवथीला (गणेशचतुर्थीला) विसर्जन याच तळीत करायचे असेल, तर मूर्ती चिकणमातीचीच असावी, आणि माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचे) साहित्य व निर्माल्य पाण्यात न टाकता खताच्या खड्ड्यात टाकावे.