सज्ञान मुलाला व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल कसं करावं? पालकांसाठी कायद्याच्या वाटा

मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, तुमच्याच घरात राहतो, दारूचे पैसेही तुमच्याच पाकिटातून जातात. तरीही केवळ तुमच्या सहीवर त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवता येत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की उपचार घ्यायचे की नाही हे तो ठरवतो. मुलीच्या बाबतीतही हेच.

पण आईबापांनी हातावर हात धरून बसावं, असंही कायदा म्हणत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. मुलगा किती वर्षं पितोय यापेक्षा आत्ता, या घडीला, त्याला स्वतःचं भलंबुरं कळतंय का आणि कुणाच्या जिवाला धोका आहे का, हे कायदा विचारतो. पालकांनी सगळी तयारी या दोन प्रश्नांभोवती करावी.

पहिली पायरी: त्याच्या होकाराची तयारी ठेवा

स्वतःहून दाखल होणं हाच सर्वांत चांगला मार्ग आहे आणि वाटतो तितका अशक्यही नाही. रात्री आरडाओरडा करणारा मुलगा सकाळी खजील होऊन ‘चला, जातो’ म्हणतो. नेमकं तेव्हा घरच्यांकडे ना केंद्राचा नंबर असतो, ना खर्चाचा अंदाज. तो होकार दुपारपर्यंत टिकत नाही. म्हणून चौकशी आधीच करून ठेवा. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा नंबर १४४१६. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्था आहेत, सरकारी रुग्णालयांचे मनोविकार विभाग आहेत. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असं याच कायद्यात आहे.

स्वतःहून दाखल झालेल्याने घरी जातो म्हटलं की सोडावं लागतं. डॉक्टरांना धोका वाटला, तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं.

गर्द (हेरॉइन), एम.डी. (मेफेड्रोन) किंवा गांजाचं व्यसन असेल तर पोलिसांच्या भीतीने घरचे दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ इथे लक्षात ठेवावं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. हेरॉइनसाठी अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅम, गांजासाठी १ किलो. विक्रीचा आरोप असेल तर आधी वकील गाठा.

आणि एक कळकळीची सूचना: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

दुसरी पायरी: वही घाला

डॉक्टरांसमोर बसल्यावर आईवडील ‘खूप त्रास देतो हो’ एवढंच सांगतात. त्यावरून कुणालाही दाखल करता येत नाही. साधी शंभर पानी वही घ्या आणि तारीख, वेळ, घडलेली गोष्ट, तेव्हा हजर असलेले लोक असं लिहीत जा: ‘मंगळवार, रात्री ११:३०. गॅलरीच्या कठड्यावर चढून उडी मारतो म्हणाला. शेजारच्या काकांनी खाली ओढलं.’ दोन दिवस जेवला नाही, कपड्यांतच लघवी झाली, आईच्या अंगावर कात्री घेऊन धावला, हे सगळं त्यात यायला हवं. जुने केसपेपर आणि पोलिसांत दिलेल्या एन.सी.ची (अदखलपात्र तक्रारीची) प्रत त्याच वहीत लावा.

तिसरी पायरी: संमती नसताना दाखल करणं

हे मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ मध्ये येतं. अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे आजारपणात आपल्या वतीने बोलायला त्याने नेमलेल्या व्यक्तीने, करायचा असतो. मुलाने कुणालाच लेखी नेमलं नसेल, तर नातेवाईक म्हणून आई किंवा वडील ती जबाबदारी घेऊ शकतात. त्याने बायकोला किंवा मित्राला नेमलं असेल, तर अर्ज त्या व्यक्तीकडून यायला हवा.

दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. मुलाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, दुसऱ्यावर हिंसा केली किंवा तशी धास्ती निर्माण केली, किंवा स्वतःची काळजी घेणंच त्याला इतकं जमेनासं झालं की जिवावर बेतावं, यांपैकी एक तरी दोघांनाही दिसायला हवं. शिवाय तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही आणि दाखल करण्यावाचून दुसरा सौम्य मार्ग नाही, हेही. वही कामाला येते ती इथे.

अशी भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. रुग्णालयाला ती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं, याच कायद्याखालचं मंडळ) सात दिवसांत कळवावी लागते, रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांत. त्याची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी तपासली जाते. ती परत आली की पुढचा निर्णय त्याचा. अनेक पालकांना हा नियम जाचक वाटतो, पण मला तो योग्य वाटतो. डोकं ताळ्यावर आल्यावर मुलाशी बोलून त्याला थांबायला राजी करणं, यातच उपचाराचा खरा जीव आहे. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं, त्यात दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची मंजुरी हवी.

नातेवाइकांनी कोर्टात जाऊन भरतीचा आदेश आणण्याची पद्धत १९८७ च्या जुन्या कायद्यात होती. तो कायदा आता नाही. असा आदेश आणून देतो म्हणत पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

रात्री-अपरात्री प्रसंग आला तर

कागदांची वाट पाहू नका. २०१७ च्याच कायद्याच्या कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घेऊन, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. जिवाला धोका असेल तेव्हाच नव्हे, आजाराच्या भरात घरातल्या वस्तूंची मोठी मोडतोड होत असेल तेव्हाही हे कलम लागू होतं. मारहाण सुरू असेल तर ११२ ला फोन करा.

केंद्र पारखून घ्या

‘पत्ता सांगा, आमची माणसं येऊन उचलून नेतील’ असं सांगणाऱ्या जागी मुलाला पाठवू नका. तसं नेणं आणि डांबून ठेवणं हा गुन्हा आहे आणि संमती देणारे पालकही त्यात ओढले जाऊ शकतात. प्रत्यक्ष जाऊन नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, कुठल्या वारी येतात, रात्री फिट आली तर कुठे नेता, हे विचारा. आतल्या रुग्णाशी एकट्याने दोन मिनिटं बोलू द्या म्हणा. साखळीने बांधणं, सक्तीने डोकं भादरणं, जबरदस्तीने राबवून घेणं याला कायद्याने मनाई आहे. पहिले काही आठवडे भेट नाही आणि फोनही नाही, असं उत्तर आलं तर तिथून निघा.

घरातल्या माणसांचंही रक्षण करा

मुलगा उपचार घेत नाही आणि आईवर हात उचलतो, तर आई कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली मुलाविरुद्ध संरक्षण आदेश मागू शकते. आईवडील साठीपुढचे असतील तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि गरज असेल तर मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेशही मिळू शकतो. पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करताना हात थरथरतो, लोक काय म्हणतील असं वाटतं. तरी मार खात राहिल्याने मुलाची दारू सुटत नाही. मोफत विधी साहाय्यासाठी १५१०० वर फोन करा.

बऱ्या दिवसांत करायचं काम

मुलगा काही आठवडे सावरलेला असेल, तेव्हा त्याच्याशी पुढच्या घसरणीबद्दल मोकळेपणी बोला. ‘पुन्हा तशी वेळ आली तर कुणी निर्णय घ्यावा असं तुला वाटतं?’ असं त्यालाच विचारा. प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि त्याची सही पुरते, स्टॅम्पपेपर लागत नाही. त्याने तुमच्याऐवजी बहिणीचं नाव लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. तिला वही कुठे ठेवली आहे ते सांगा आणि डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवा.