मुंबईत पूर्वजांच्या मृत्यूची नोंद शोधताय? या चुका टाळा

शोधाला निघालेला माणूस पहिली चूक घरातच करतो. तो तारीख विचारतो, आणि जुन्या घरांत असते ती तिथी. "पणजोबांची पंचमी," असं आत्या ठामपणे सांगते. आपण पितृपक्षातली पंचमी धरतो आणि सप्टेंबरची पानं उलटत बसतो. पण पितृपक्षातलं श्राद्ध नुसत्या तिथीवर ठरतं, महिना त्यात येत नाही. ती पंचमी शुद्ध की वद्य, तेही कळत नाही. वर्षभरातल्या चोवीस पंचम्यांपैकी ती कुठलीही असू शकते. म्हणून वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात व्हायचं ते विचारा, पाऊस होता की थंडी ते विचारा. शक सापडला तर त्यात 78 मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. मृत्यू जानेवारी ते फाल्गुन अमावास्या या काळातला असेल तर 79.

दुसरी चूक पत्त्याची. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. लालबागच्या चाळीत राहणारे आजोबा जे. जे. रुग्णालयात वारले असतील, तर लालबागच्या वॉर्डात कितीही खेटे घातले तरी हाती काही लागणार नाही. उपनगरांचं आणखी वेगळं. ती 1950 आणि 1957 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. त्याआधी वांद्रे, कुर्ला इथे स्वतंत्र नगरपालिका होत्या, तेव्हा त्या काळचा माणूस 'मुंबई'त शोधू नका.

आणि काही माणसं मुंबईत राहिली, पण मुंबईत वारली नाहीत. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला आणि लोक लोंढ्यांनी गावाकडे पळाले. पणजोबा त्या सुमारास गेल्याचं घरात सांगत असतील, तर तहसील कार्यालयात तुमच्या गावचा गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आहे का ते आधी पाहा. पानं मोडी लिपीत असतील. अंदाजाने वाचू नका, मोडी येणाऱ्याला दाखवा.

सगळ्यात जास्त माणसं हरवतात ती नावामुळे, आणि त्यांत बायका अधिक. माझ्या पणजीला मी दोन वर्षं शोधत होते. घरात सगळे तिचं जे नाव घेत, ते नोंदवहीत कुठेच नव्हतं. ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव वेगळं, आणि तिला जाळलं त्या दिवशी स्मशानातल्या कारकुनाला सांगितलेलं नाव तेच. मला ते सापडलं एका चुलतआजीच्या ट्रंकेतल्या लग्नपत्रिकेत. ती पत्रिका हातात धरून मी बराच वेळ बसले होते. तेव्हा बाईचं नाव शोधताना सासरचं नाव, नवऱ्याचं नाव आणि वय या तिन्हींवरून शोधा. आडनाव जमेस धरू नका. जुन्या नोंदीत कधी नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, कधी आडनावाऐवजी गावाला 'कर' लावलेला असतो. इंग्रजीत उतरवलेला सावंत कधी 'व्ही'ने असतो, कधी 'डब्ल्यू'ने.

नुसत्या वयावर मात्र विसंबू नका. पन्नास, साठ, पंचाहत्तर असे गोल आकडे दिसले की समजा, बरोबर आलेल्या कुणीतरी अंदाजाने सांगितलेले आहेत. माहिती देणाऱ्याचं नाव मात्र न चुकता उतरवून घ्या. तो बहुधा घरातलाच कुणीतरी असतो आणि पुढचा धागा तिथे मिळतो.

थडगं नाही म्हणजे नोंद नाही, असंही समजू नका. मुंबईतल्या कॅथलिक दफनभूमींत जागा अपुरी आहे. काही वर्षांनी अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात आणि तीच जागा दुसऱ्याला देतात. अशा वेळी चर्चमधली दफनांची वही मागावी. हिंदू घरांतली तान्ही मुलं बहुधा पुरलेली असतात, त्यामुळे दहनाच्या वहीत ती सापडायची नाहीत. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू, कुटुंबांच्या थडग्यांच्या दगडांवर हिब्रू वर्ष असतं. 5685 म्हणजे 1924-25, कारण ते वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतं.

दगड वाचता येत नसेल तर तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने घासू नका, उरलेली अक्षरंही जातील. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, किंवा आरशाने बाजूने उजेड पाडा. पावसाळ्यात शेवाळ असतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी बरा.

मुंबईत सगळी दारं बंद झाली तर नाशिक राहतं. अस्थी रामकुंडात सोडल्या असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत कोण आलं, कुणासाठी आलं, बरोबर कोणती मुलं होती, हे लिहिलेलं असू शकतं. तिथे मुंबईचा पत्ता सांगून भागत नाही. मूळ गाव, तालुका आणि आडनाव सांगा, आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या.