मुलाची चाचणी आहे? तयारीतल्या या चुका टाळा

"मॅडम, पुढच्या आठवड्यात आयक्यू टेस्ट आहे, तोवर काय काय करून घेऊ?" पुण्यातले पालक हे स्कॉलरशिपच्या परीक्षेबद्दल विचारावं तसं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: काहीही करून घेऊ नका.

तरी करून घेतातच. कोथरूडहून तिसरीतली एक मुलगी आली होती. वाचताना अडखळायची, म्हणून शाळेने पाठवलेली. आईने नेटवरून प्रश्न उतरवून महिनाभर पाठ करून घेतले होते. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार, तेही मोठ्या माणसाच्या शब्दांत. मग पाठ नसलेला एक प्रश्न आला. मुलगी गप्प झाली, फ्रॉकचं टोक पिळत राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, "हे आईने नाही घेतलं." तो सगळा भाग बाजूला ठेवावा लागला आणि नंतर दुसरी चाचणी घ्यावी लागली. शाळेला द्यायचं पत्र तोवर अडलं ते अडलंच.

आपल्याकडच्या मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापनाची कुठलीही चाचणी घ्या, कामत यांची बिने-कामत किंवा नागपूरच्या मालिन यांची; तुलना होते ती त्याच वयाच्या, प्रश्न पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मुलांशी. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) ठरवताना बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन कुठे मागे पडतंय, हे बघायचं असतं. पाठांतराने आकडा फुगला की ते चित्रच बिघडतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आली, तेव्हापासून परीक्षेतल्या सवलतींसाठी घाईने येणारे वाढलेत. "एका दिवसात रिपोर्ट द्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

दुसरी चूक म्हणजे मुलाशी खोटं बोलणं. "मॉलला जाऊ" म्हणून आणलेलं मूल दारातच बिथरतं आणि पहिला तास त्याची समजूत काढण्यात जातो. "नीट कर, नाहीतर वेगळ्या शाळेत टाकतील" हे तर त्याहून वाईट. मी पालकांना आदल्या संध्याकाळी, जेवताना सांगायला सांगते: "वाचताना तुला त्रास होतो ना, तो का होतो ते एक ताई बघणार आहेत. काही खेळ असतील, काही प्रश्न. काही मुद्दाम अवघड असतात. नाही आलं तर 'नाही येत' म्हणायचं." यापेक्षा जास्त समजावू नका. जास्त समजावलं की मूल घाबरतं.

वह्या आणताना नवी कव्हरं घालून, ट्यूशनच्या बाईंकडून दुरुस्त करून आणू नका. मला हवी ती मधल्या सत्रातली, कोपरे दुमडलेली वही. वेलांट्या सुटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली, फळ्यावरून अर्धंच उतरवलेलं. त्या एका पानावरून मला खूप कळतं.

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. चष्मा घरी विसरू नका. सर्दी-ताप असेल तर तारीख बदला, कुणी रागावत नाही. एकाग्रतेसाठी गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. घरात मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर मूल कोणत्या भाषेत मोकळं बोलतं ते आधी सांगा. हडपसरहून पेठेत नऊची वेळ घेतली असेल तर ट्रॅफिक आणि पार्किंग धरून निघा, आणि मुलाला पोटभर खाऊ घालून आणा. धाकट्या भावंडाला आजीकडे ठेवा. जिना उतरता उतरता "काय काय विचारलं?" सुरू करू नका.

आणि आधी कुठे चाचणी झाली असेल तर लपवू नका. "मनासारखा आकडा आला नाही, म्हणून दुसरीकडे बघू" असे पालक मला दर मोसमात भेटतात. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर सवयीने गुण वाढतात आणि दोन्ही रिपोर्टांवरचा भरवसा जातो. जुना रिपोर्ट सापडत नसेल तर निदान चाचणीचं नाव आणि महिना वेळ घेतानाच फोनवर सांगा, म्हणजे आम्हाला दुसरी निवडता येते.