लोगो लावण्याआधी जॅकेट मोजा

साइटवर सेफ्टी विभागात रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात माझ्याकडे जॅकेटांचं काम आलं. सगळ्या टीमला कंपनीचा लोगो असलेली नवी हाय-व्हिजिबिलिटी, म्हणजे दुरून ठळक दिसणारी, जॅकेटं हवी होती, नमुना मी ठरवायचा होता. मी थेट लोगोची फाइलच उघडली. पाठीवर केवढा, छातीवर कुठल्या बाजूला, पांढरा बरा की निळा, यातच दोन दिवस गेले. या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच आधी सांगते, लोगोचा विचार सगळ्यात शेवटी करा.

या एका कपड्यात दोन वेगळ्या गोष्टी काम करतात, त्या आधी समजून घ्या. पिवळं किंवा केशरी फ्लुओरोसंट कापड अतिनील किरण शोषून ते दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात बाहेर टाकतं. त्यामुळे ढगाळ हवेत किंवा तिन्हीसांजेला ते आजूबाजूच्या सगळ्यापेक्षा उठून दिसतं. रात्री मात्र त्याचा हा गुण जवळपास संपतो. तेव्हा कामाला येते ती रुपेरी पट्टी. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम गाडीच्या दिव्याचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. मोबाइलचा टॉर्च कानशिलाजवळ धरून अंधारात वीस पावलांवरून पट्टीकडे बघा, ती लखलखेल. तोच टॉर्च हात लांब करून बाजूला धरला की पट्टी एकदम मंद दिसते. मला हे एका जुन्या फोरमननी दाखवलं, आणि पट्टी म्हणजे शोभेची किनार नव्हे हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं.

आता मोजमाप. ईएन आयएसओ २०४७१ या अशा कपड्यांसाठीच्या मानकात तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गासाठी कमीत कमी ०.५० चौरस मीटर फ्लुओरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते, तिसऱ्यासाठी ०.८० आणि ०.२०. पट्टीची रुंदी किमान ५ सेंटिमीटर. म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटवर ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी एकूण २.६० मीटर तरी हवी. वेगात जाणाऱ्या वाहनांजवळचं काम असेल तर मी तिसऱ्या वर्गाखाली उतरत नाही. तिसऱ्या वर्गात नुसता बिनबाह्यांचा जाकीट-प्रकार चालत नाही, आणि ते योग्यच आहे. हातापायांवरच्या पट्ट्या हालताना दिसल्या की समोर खांब नसून माणूस आहे, हे चालकाला लवकर कळतं.

लोगो कापडावर बसला की तेवढी जागा फ्लुओरोसंट क्षेत्रातून वजा होते. आमचं गणित इथेच चुकलं होतं. ठरलेला लोगो पाठीवर ३० बाय २५ सेंटिमीटरचा, म्हणजे ०.०७५ चौरस मीटर. मोठ्या मापात काही अडचण नव्हती. पण माझ्या अंगाला बसणारं सगळ्यात लहान माप टेबलावर पसरून टेपने मोजलं, तर कापड जेमतेम ०.५४ भरलं. लोगो वजा जाता उरलं ०.४६५. लेबलवर दुसरा वर्ग छापलेला, आणि अंगावर मात्र त्याहून कमी. सॅम्पल नेहमी मधल्या मापाचं येतं, म्हणून सगळ्यात लहान माप मुद्दाम मागून घ्या. पट्टीवर तर लोगो कधीच येऊ देऊ नका, मग मार्केटिंगवाले कितीही आग्रह धरोत.

छपाईचंही तसंच आहे. पॉलिस्टरवर हीट ट्रान्सफरने, म्हणजे गरम दाबून चिकटवून, पांढरा लोगो लावला तर उष्णतेमुळे कापडाचा रंग त्यात चढू शकतो आणि आठवड्याभरात पांढरा पिवळसर दिसायला लागतो. रंग अडवणारा थर असलेलं ट्रान्सफर मागा. भरतकाम टिकाऊ असतं, पण रेनजॅकेटवर ते करताना सुईची शेकडो भोकं पडतात. पहिल्याच पावसात एक सुपरवायझर माझ्यासमोर जॅकेट उघडून उभे राहिले. आतल्या सदऱ्यावर छातीशी लोगोच्याच आकाराचा ओला डाग होता. मला फार वाईट वाटलं, कारण तो नमुना मीच पास केला होता. भरतकाम करायचंच असेल तर आतून सीलिंग टेप लावून घ्या.

रंग मागच्या देखाव्यावर ठरवा. हिरव्या झाडीत पिवळा-हिरवा विरघळतो, केशरी यंत्रांच्या गर्दीत केशरी. वेल्डिंग किंवा कटिंगची टीम असेल तर साधं पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं, त्यांच्यासाठी आग न पकडणाऱ्या कापडाची वेगळी ऑर्डर द्या. ही गोष्ट खर्चाच्या बैठकीत पहिली कापली जाते, तिथे अडून बसा.

ऑर्डर देण्याआधी नमुना खऱ्या कामावर घालायला द्या. हार्नेस (उंचीवर काम करताना अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) चढवल्यावर किती पट्टी झाकली जाते, दोन्ही हात वर केल्यावर कमरेची पट्टी कुठे सरकते, उकाड्यात लोक चेन उघडी टाकतात का, हे साइटवरच कळतं. बायकांना पुरुषांचं लहान माप देऊ नका. लोंबणारी बाही फिरत्या यंत्राजवळ धोक्याची असते.

प्रत्येकाला किमान दोन जोड द्या, म्हणजे एक धुवायला टाकता येतो. चिखलाने माखलेलं जॅकेट ना दिवसा दिसतं ना रात्री. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरायचं नाही. लेबलवर धुण्याची कमाल संख्या दिलेली असेल तर ती वाटपाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. प्रत्येक खेपेतलं एक कोरं जॅकेट मी कपाटात न धुता ठेवते. महिन्यातून एकदा अंधाऱ्या गोदामात ते वापरातल्या जॅकेटांशेजारी टांगायचं, कानशिलाजवळ टॉर्च धरायचा, आणि ज्यांची पट्टी त्याच्यापुढे राखाडी दिसेल ती त्याच दिवशी बदलून द्यायची.