थंड समुद्रात एकट्याने सर्फिंग करताना

थंड समुद्रात एकट्याने सर्फिंग करणाऱ्याने बाहेर कधी यायचे हे पाण्यात शिरण्यापूर्वीच ठरवावे, कारण गारठा आधी बोटे बधिर करतो, मग दंडांतले बळ काढून घेतो आणि पुढे ‘आता पुरे’ म्हणणारी बुद्धीच मंद करतो. सोबती असेल तर आपले निळे पडलेले ओठ पाहून तो हाक मारतो. एकट्याला घड्याळावरच विसंबावे लागते. म्हणून निघताना कोणाला तरी ठिकाण आणि परतल्यावर फोन करण्याची वेळ सांगावी, शिवाय ती वेळ टळल्यास त्याने कोणाला कळवायचे हेही ठरवून घ्यावे. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात.

वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी सूट, अंग कोरडे ठेवत नाही. त्याच्या निओप्रीन नावाच्या रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे उष्णता अडवतात आणि आत झिरपलेले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने कोमट होते. सूट सैल असेल, तर दर लाटेसरशी हे कोमट पाणी निघून जाऊन त्याची जागा गार पाणी घेते. त्यामुळे जाड पण ढगळ सुटापेक्षा अंगाला नीट बसणारा सूट बरा. पाणी १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यास छातीपाशी ५ मिलिमीटर आणि हातापायांवर त्याहून थोडा पातळ असा सूट, त्याबरोबर बूट, हातमोजे आणि कान झाकणारी टोपी लागते. वर्षानुवर्षे गार पाणी आणि वारा लागत राहिला, तर कानाच्या नळीतले हाड वाढून ती अरुंद होते, म्हणून टोपीचा कंटाळा करू नये. फळी पायाला बांधून ठेवणाऱ्या लीशचा पट्टा आणि तिच्या दोरीवरच्या चिराही रोज तपासाव्यात, कारण फळी हातून गेली तर तरंगायला सुटाशिवाय काहीच उरत नाही.

पोचल्यावर किमान वीस मिनिटे नुसते पाहत बसावे. मोठ्या लाटा अनेकदा टोळीने, मध्ये बरीच शांतता ठेवून येतात आणि पाच मिनिटांत तो डाव कळत नाही. लाटांच्या अंदाजात केवळ उंची पाहू नये: दीड मीटरचीच लाट ८ सेकंदांच्या अंतराने येणारी असेल त्यापेक्षा १४ सेकंदांची असेल तेव्हा पुष्कळ जास्त जोर घेऊन येते. लाटा फुटत नाहीत असा गडद, शांत दिसणारा पट्टा नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटतो, पण बहुधा तिथूनच पाणी समुद्राकडे परत ओढले जात असते. त्यात सापडल्यास फळी सोडू नये, प्रवाहाविरुद्ध झगडू नये. किनाऱ्याला समांतर जाऊन लाटा फुटत असतील तिथून किनाऱ्याकडे यावे. परतीची वाट भरतीच्या पाण्यात बुडणार नाही ना, हेही आधीच पाहावे.

पाण्यात धावत शिरू नये. एकदम गार पाणी लागले की श्वास नकळत आत ओढला जातो आणि धाप लागते. हा धक्का पहिल्या एक ते तीन मिनिटांत ओसरतो, पण नेमके तेव्हाच डोके लाटेखाली गेले तर पाणी छातीत जाते. कंबरेपर्यंत जाऊन चेहऱ्यावर पाणी मारावे आणि श्वास संथ झाल्यावरच फळीवर पालथे व्हावे. पुढे अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून पाहावा. तो टेकेनासा झाला, की ठरलेली वेळ झालेली नसली तरी बाहेर यावे. ‘शेवटची एकच लाट’ म्हणत एकट्याने रेंगाळू नये. ऊब न मिळताच कापरे थांबले, तर तो धोक्याचा इशारा असून तातडीने मदत मागवावी.

बाहेर आल्यावरही शरीराच्या गाभ्याचे तापमान काही काळ उतरतच राहते. त्यामुळे कढत पाण्याने लगेच आंघोळ न करता वाऱ्याच्या आडोशाला ओले काढून, अंग पुसून, कोरड्या कपड्यांचे थर चढवावेत आणि गरम, गोड पेय घोटाघोटाने प्यावे. मद्य टाळावे. कापरे थांबून बोटे पुन्हा नीट वळू लागेपर्यंत गाडी चालवू नये. त्या वेळात ठरलेला फोन करून टाकावा.